कस्तुरीचे ठोके

एका सकाळी अकराला सात मिनिटं कमी असताना विश्वंभर सोनटक्के यांचं नाव लाल झालं. ते तेव्हा चौथीच्या वर्गात टेबलाशी बसून भागाकाराच्या वह्या तपासत होते. छोटी सुट्टी होती, मुलं बाहेर होती; एक मुलगी तेवढी वही दाखवून नुकतीच गेली होती. शाळेचे शिपाई दगडूमामा दारात आले आणि नेहमीसारखे आत न येता उंबऱ्यावरच थांबले.

"सर, मॅडमनी बोलावलंय. पिशवी घेऊनच या म्हणाल्या."

"पिशवी कशाला?"

दगडूमामांनी मान खाली घातली. सोनटक्क्यांनी पेनाला टोपण लावलं, वह्यांचा गठ्ठा नीट केला आणि पिशवी उचलली.

कार्यालयात मुख्याध्यापिका मोहिते मॅडम उभ्याच होत्या. कवायतीचे काळोखे सर खिडकीशी होते.

"बसा सर," मॅडम म्हणाल्या. "नको, बसू नका. म्हणजे, तसं काही नाही. या महिन्यात तीनदा पिवळं झालं होतं तुमचं नाव. आज चौथ्यांदा. चौथ्याला आपोआप लाल होतं. माझ्या हातात काही नसतं हो."

"कोणाच्या पट्टीवर?"

"ते सांगता येत नाही."

"आत्ता कस्तुरी लोंढे वही दाखवायला आली होती. तिच्याच ना?"

मॅडम टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिल्या.

"काय खूळ आहे हे!" काळोखे म्हणाले. "मी शिट्टी फुंकली की अख्खं मैदान थरथरतं. माझं नाव हिरवं. आणि सोनटक्के लाल? या माणसाचा आवाज चढलेला मी वीस वर्षांत ऐकला नाही."

"काळोखे, तुम्ही गप्प बसा. उद्या तुमचंही होईल."

"माझं कसं होईल? मशीनला माहितीये, हा माणूस ओरडतोच."

काळोखे चिडून बोलले, पण बोलले ते खरं होतं.

या पट्टीचं सरकारी नाव 'सांगाती'. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या या शाळेत ती येऊन तिसरं वर्ष चालू होतं. घड्याळासारखी ती मुलाच्या मनगटावर बसे. आत चार गोष्टी मोजल्या जात: हृदयाचे ठोके, दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीचा ओलावा, आणि घामात उतरणारं एक रसायन. माणूस घाबरला की हे रसायन वाढतं. पहिले पंधरा दिवस पट्टी नुसतं शिकायची. हे मूल पळाल्यावर कसं असतं, परीक्षेला कसं असतं, कवायतीचे सर ओरडल्यावर कसं असतं. त्यातलं नेहमीचं सगळं ती बाजूला काढायची. मग उरे ती वेगळी धडधड. ती आली की पट्टी बघायची, जवळ कोण आहे. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, घरातल्या माणसांचे फोन नोंदवलेले होते. एखाद्या माणसापाशी ती धडधड आली, की त्याचं नाव पिवळं; महिन्यात चौथ्यांदा आली, की लाल. लाल नावाच्या माणसानं शाळेपासून शंभर मीटर लांब राहायचं. जिल्ह्याच्या बालसुरक्षा कक्षाचा अधिकारी येऊन चौकशी करणार.

पट्टी वाईट नव्हती. पहिल्याच वर्षी जिल्ह्यात अशी मुलं सापडली, ज्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता आणि कधी काढलाही नसता. सोनटक्क्यांच्या पत्नी कुमुदबाई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. ती बातमी वाचून त्या स्वयंपाकघरात रडल्या होत्या. एकोणीस वर्षं त्या दुसरीच्या मुलांना दर शुक्रवारी एक तास शिकवायच्या. शरीर कोणाचं? माझं. नको वाटलं तर काय म्हणायचं? नको. मोठ्यानं? मोठ्यानं! मग अख्खा वर्ग 'नको' म्हणून असा ओरडायचा की शेजारच्या वर्गातून सोनटक्के खडू आपटायचे. पट्टी आली आणि दुसऱ्या वर्षी तो तास वेळापत्रकातून गेला. त्याजागी पट्टी चार्ज कशी करायची, ओली झाली तर काय करायचं, हे शिकवायचं ठरलं. कुमुदबाई पंचायत समितीपर्यंत जाऊन भांडल्या. "मशीन कळवेल हो," त्या म्हणायच्या, "पण पोरांना सांगायची सवय कुठून लागणार? आणि आपल्याला ऐकायची?" साहेबांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं. पुढे सहा महिन्यांनी त्या गेल्या. त्यालाही आता आठ महिने झाले होते.

सोनटक्के पिशवी घेऊन घरी आले. वसाहतीतली त्यांची खोली शाळेपासून दोनशे मीटरवर होती, म्हणजे नियमात बसत होती. शाळेची घंटा तिथं स्पष्ट ऐकू यायची. पहिले दोन दिवस घंटा झाली की ते उठून उभे राहायचे.

बातमीला वेळ लागला नाही. शेजारचे पाटकर आपल्या नातवाची सायकल अंगणातून आत घेऊन गेले. दूध घालणारी बाई पूर्वी नातीला सोबत आणायची, आता एकटी यायची आणि पातेलं कठड्यावर ठेवायची. वाण्यानं सामान दिलं, पण बोलला नाही. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसती आजूबाजूला जागा रिकामी होत गेली.

तशी ती आधीपासूनच होत होती. पट्टी आल्यापासून शाळेत कोणी मुलाच्या पाठीवर हात ठेवत नव्हतं. पडलेल्या मुलाला उचलतानाही शिक्षक आधी इकडेतिकडे बघायचे. कुमुदबाई गेल्यापासून तर सोनटक्क्यांना कोणाचाच स्पर्श झाला नव्हता. महिन्यातून एकदा न्हावी मान वाकवायचा, तेवढाच.

त्यांनी आधी स्वतःलाच तपासलं. आपण त्या पोरीला कधी टाकून बोललो का? हसलो का तिला कधी? ओरडलो का? त्यांनी एक जुनी वही घेतली आणि कस्तुरीबद्दल आठवेल ते लिहून काढलं. पानभर झालं. ती नऊ वर्षांची, शांत, गणितात हुशार. दिवाळीनंतर ती छोट्या सुट्टीत वही घेऊन यायला लागली होती. टेबलाशी उभी राहायची. सर वही बघायचे आणि म्हणायचे, "अगं, हे तर कालच तपासलंय. बरोबर आहे सगळं." ती म्हणायची, "हो सर." आणि तरी उभीच राहायची. मग घंटा व्हायची.

तपासलेली वही. चारही वेळा.

लिहिता लिहिता सोनटक्क्यांचा हात थांबला. ते उठले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा उघडली. कुमुदबाईंचे शुक्रवारचे कागद त्यात वर्षावर्षाप्रमाणे बांधून ठेवलेले होते. त्या मुलांकडून कागदावर पंजा काढून घ्यायच्या आणि प्रत्येक बोटावर एकेक नाव लिहायला लावायच्या. काही झालं तर ज्याला सांगता येईल, असं माणूस. पहिल्यानं नाही ऐकलं तर दुसऱ्याकडे जायचं. दुसऱ्यानं नाही ऐकलं तर तिसऱ्याकडे. कोणीतरी ऐकेपर्यंत थांबायचं नाही.

कस्तुरीचा पंजा सापडला. अंगठ्यावर 'आई'. पुढच्या बोटावर 'आजी'. मधल्या बोटावर 'कुमुदबाई'. उरलेली दोन बोटं कोरी.

सोनटक्के बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

बालसुरक्षा कक्षाच्या अधिकारी निलोफर तांबोळी नवव्या दिवशी दुपारी आल्या. पस्तिशीच्या असतील, गळ्यात कक्षाचं ओळखपत्र. ड्रायव्हरला त्यांनी बाहेर थांबवलं, दार उघडं ठेवलं आणि खुर्ची दाराजवळ घेतली.

"मुलीशी मी दोनदा बोलले," त्या म्हणाल्या. "सर ओरडतात का, विचारलं. नाही म्हणाली. मारतात का, हात लावतात का, धमकी देतात का. सगळ्याला नाही. पण तुमचं नाव काढलं की पट्टी वर जाते. दबावाखालचं मूल असंच बोलतं, सर. मला तसंच लिहावं लागेल."

"तुम्ही तिला माझ्याबद्दल विचारलंत."

"मग कोणाबद्दल विचारू?"

"तिला काही सांगायचं होतं का, असं विचारलंत का?"

सोनटक्क्यांनी वही पुढे केली, पंजाचा कागद ठेवला आणि जमेल तसं सांगितलं. ती स्वतः यायची. तपासलेली वही घेऊन यायची. आई आणि आजी या दोन बोटांना ती बहुतेक सांगून बघून आलीय. तिसरं बोट मेलंय. म्हणून ती तिसऱ्या बोटाच्या नवऱ्याकडे आली.

तांबोळीबाईंनी कागद नीट बघितला. मग परत दिला.

"सर, रागावू नका. आजवर मी अकरा लाल माणसांची चौकशी केली. अकराही जणांनी हेच सांगितलं, की मूल स्वतःहून यायचं. प्रत्येकानं काहीतरी कागद दाखवला. कोणी राखी दाखवली, कोणी वाढदिवसाचं भेटकार्ड. त्यातल्या सात जणांवर आज खटला चालू आहे."

"आणि उरलेले चार?"

"पुरावा नाही मिळाला."

"त्या चार मुलांना कोणी विचारलं का नंतर?"

त्यांनी मांडीवरच्या टॅबचा पडदा सरळ केला. मग म्हणाल्या, "भीती ही भीतीच असते. शरीर खोटं बोलत नाही."

"शरीर खरंच बोलतंय. पण कशाची भीती आहे ते त्यात येतं का?"

"एकाच माणसापाशी पुन्हा पुन्हा येते, त्यावरून कळतं."

सोनटक्क्यांनी पंजाचा कागद घडी करून वहीत ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे जादा पट्टी असते ना, तपासणीची? मला बांधा."

"मोठ्यांना नसते ती."

"चालेल ना पण?"

"चालेल. पण तिला माणूस ओळखायला वेळ लागतो. कामचलाऊ सरासरी काढायची तरी वीस मिनिटं."

"मग मी चहा टाकतो."

तांबोळीबाईंनी पट्टी बांधली, ती का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित म्हातारा माणूस नऊ दिवसांत पहिल्यांदा काही मागतोय म्हणून असेल. सोनटक्क्यांनी चहा केला. आलं घालू का विचारलं. तांबोळीबाई घाला म्हणाल्या. मग वीस मिनिटं दोघं बसून राहिले. बाईंनी विचारलं, कारखान्याचा हा वास रोजच येतो का. सोनटक्के म्हणाले, मळीचा वास आहे, आठवड्यात नाकाला कळेनासा होतो. बाईंनी सांगितलं, त्यांचे वडील बार्शीला शिंपी होते आणि गणितात नापास झाल्यावर त्यांना गुंड्या लावायला बसवायचे. सोनटक्के हसले. "मग तुम्हाला गुंड्या चांगल्या लावता येत असतील." "फार चांगल्या," बाई म्हणाल्या. मांडीवरच्या पडद्यावर हिरवी रेघ सपाट चालली होती.

"झाली वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता?"

"आता मी तुम्हाला एक सांगतो. कोणालाच सांगितलेलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं.

"माझी बायको," ते म्हणाले, आणि थांबले. कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला नाही. "मुलाला मी सांगितलं, आई झोपेत गेली. सगळ्यांना तेच सांगितलं. झोपेत नाही गेली ती."

बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर गेला.

"रविवारची दुपार होती. ती म्हणाली, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, सकाळी भजी खाल्लीस म्हणून. सोडा दिला. मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. ती पलंगावर बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, अहो, जरा इकडे येऊन बसा ना, मला काहीतरी होतंय. मी म्हटलं, दहाच राहिलेत. आलोच." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी दहाही तपासले, बाई. बेरजा करून गुण मांडले. मग मागे बघितलं."

तांबोळीबाईंच्या मांडीवर पडदा दोनदा थरथरला. त्यांनी खाली बघितलं. रेघ भिंतीसारखी उभी चढली होती. तिच्या खाली पिवळ्या चौकटीत, ज्या माणसापासून धोका असू शकतो त्या माणसाचं नाव आलं होतं.

निलोफर तांबोळी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पडदा सोनटक्क्यांकडे फिरवला.

"तुम्ही मला काय केलंत?" सोनटक्के म्हणाले. "चहा प्यायलात. ऐकलंत. आणखी काय केलंत?"

तांबोळीबाई उठल्या. पट्टी काढून घ्यायलाही विसरल्या, दारातून परत आल्या, सोनटक्क्यांच्या मनगटावरची पट्टी सोडवली. सोडवताना त्यांचा हात सोनटक्क्यांच्या हातावर क्षणभर राहिला.

"माफ करा," त्या म्हणाल्या. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

पुढचे पाच दिवस काही कळलं नाही. सोनटक्के घंटा ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी काळोखे सर घरी आले. कोणी बघेल याची पर्वा न करता समोरच्या दारानं आले, आणि अंगणातूनच ओरडले, "आहात का हो, का पळून गेलात?" त्यांनी सांगितलं की बालसुरक्षावाल्या मॅडम रोज येतात, ग्रंथालयात बसतात आणि पोरीशी काही बोलत नाहीत. "नुसत्या भागाकार करत बसतात दोघी. मॅडमचे चुकतात. पोरगी दुरुस्त करते."

"करू देत," सोनटक्के म्हणाले.

सहाव्या दिवशी सकाळी तांबोळीबाई आल्या. या वेळी खुर्ची दाराकडे ओढली नाही. डोळे सुजलेले होते.

"पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी माझं नाव पिवळं झालं. चौथ्या दिवशी लाल. कार्यालयातून साहेबांचा फोन, ताबडतोब लांब व्हा म्हणून. सर, मी लाल झाले आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आली, ही पोरगी आता अगदी दाराशी आली. मी ओळखपत्र काढून गाडीत ठेवलं आणि जाऊन परत तिच्याशेजारी बसले."

सोनटक्के पलंगाच्या कडेला टेकले.

"काल सांगितलं तिनं."

"सगळं?"

"सगळं. काय ते मला तुम्हाला सांगता येणार नाही."

"नका सांगू. मुलगी कुठं आहे?"

"सुरक्षित आहे. मावशीकडे, दुसऱ्या गावी. आईही सोबत आहे. आईला आता पटलंय." त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या. "तो माणूस घरातलाच आहे. पट्टीवर त्याचं नाव एकदाही पिवळं झालं नव्हतं. रात्री मी सगळ्या नोंदी काढून बघितल्या. तो जवळ आला की तिचे ठोके वाढायचे नाहीत. कमी व्हायचे. पन्नासवर यायचे. सापळ्यात सापडलेला ससा असतो ना, तसं शरीर गोठून जायचं. मशीननं लिहिलंय, 'मूल शांत आहे'. दीड वर्ष लिहिलंय."

शाळेची पहिली घंटा झाली.

"जिल्ह्यात आज त्रेसष्ट लाल माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यातली बरीचशी खरंच तशी आहेत, मला माहितीये. पण काही जणांपाशी एखादं मूल वही घेऊन उभं होतं आणि मी येऊन त्या माणसाला उचलून नेलं. कुठलं कोण, हे मशीनला सांगता येत नाही. मलाही येत नाही."

"मुलांना येतं."

"त्यांना वेळ द्यावा लागतो."

"हो. कुमुद आठवड्याला एक तास मागत होती."

तांबोळीबाईंनी पत्र्याच्या पेटीकडे बघितलं. ती अजून पलंगाबाहेरच होती. "तो तास कसा घ्यायच्या त्या, मला लिहून द्याल का? जसा आठवेल तसा."

"मी भिंतीपलीकडून ऐकायचो," सोनटक्के म्हणाले. "खडू आपटायचो. पण ऐकायचो. देतो लिहून."

"तुमचं नाव मात्र अजून लालच आहे. मी लिहून पाठवलंय, पण ते वरून निघतं. नव्वद दिवस लागतील. कदाचित जास्त. आणि निघालं तरी वसाहतीतले लोक..."

"ते मला माहितीये."

त्या गेल्या. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. पाटकरांचं दार बंदच होतं. सोनटक्के खोलीत आले. टेबलावर दोन कप होते. ते त्यांनी विसळून पालथे घातले. मग खुर्चीवर बसले, फोन हातात घेतला आणि बंगळुरूला मुलाला लावला. घंटा वाजत असताना त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला. आत कोणी दार ठोठावत असावं तशी धडधड चालली होती.

"बोला बाबा. काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. आईबद्दल एक सांगायचं होतं तुला."

"आईबद्दल?" मागे माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी त्याचं नाव घेऊन काहीतरी विचारत होतं. "बाबा, मी मीटिंगमध्ये शिरतोय हो. दहाच मिनिटं. मीच करतो फोन, चालेल?"

"नाही रे," सोनटक्के म्हणाले. "दहा मिनिटांनी नाही. आत्ताच ऐक."